विहिरीच्या भिंतीतला ज्वालामुखी कसा वाचायचा

बुलडाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरचा पश्चिम भाग. एवढ्या पट्ट्यात वावरात विहीर खोदताना जो काळा फत्तर लागतो, तो थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो वितळून जमिनीवरून वाहत होता. तरीही शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखी करायचा म्हटलं की मुलं मातीचा टोकदार डोंगर करतात आणि त्याच्या तोंडातून लाल फेस काढतात. आपल्याकडे असा डोंगर कधी नव्हता. हे पुस्तकात लिहिलंय म्हणून मानायची गरज नाही. गावातल्या तीन-चार विहिरी मोजल्या की ते वहीवर दिसतं. मोजायचं कसं, आणि त्या मोजमापावरून जगातले बाकीचे ज्वालामुखी ओळखायचे कसे, ते इथे देत आहोत.

कुठे आणि केव्हा बघायचं

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, नदीचा गाळ फार खोल आहे. तिथल्या विहिरीत पाषाण दिसणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा बराचसा भाग या लाव्ह्याहून जुन्या खडकांचा आहे. बाकी ठिकाणी न बांधलेली विहीर, गिट्टी खदान किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी शोधा.

चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा भिंत सर्वांत जास्त उघडी असते. दुपारी सूर्य डोक्यावर असला तरी अर्धी भिंत सावलीत राहते. त्यासाठी साधा आरसा न्या. एकाने उन्हात उभं राहून आरशाने कवडसा भिंतीवर टाकायचा आणि वरून खाली सावकाश सरकवायचा, दुसऱ्याने मोबाइलवर जवळ ओढून फोटो काढायचे. खोली मोजायला सुतळीला दर मीटरला गाठ मारा आणि टोकाला दगड बांधा.

विहिरीत उतरायचं नाही. वापरात नसलेल्या विहिरीत तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, प्राणवायू कमी पडतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. कठडा नसेल तर काठापासून दोन हात मागे राहा, मुलांना पुढे जाऊ देऊ नका. खदानीत मालकाला विचारून, सुरुंगाची वेळ टाळून जा आणि उभ्या भिंतीखाली थांबू नका. नमुने विहिरीजवळच्या ढिगाऱ्यातून घ्या. ढिगाऱ्यात क्रम उलटा असतो. सर्वांत खोलातला दगड सर्वांत वर पडलेला असतो.

एक थर वरून खाली

विहीर खोदणाऱ्यांचे शब्द इथे फार उपयोगाचे आहेत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. कधी पाषाण संपून पुन्हा लाल माती लागते आणि तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या सुरू होतो. लाल माती आली म्हणजे एक लाव्हा संपला आणि त्याच्याआधी आलेला लाव्हा सुरू झाला.

मांजऱ्या म्हणजे लाव्हाच्या थराचा माथा. वितळलेल्या दगडात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन वर चढला आणि वरची साय आधीच घट्ट झाल्यामुळे तिच्याखाली अडकला. म्हणून वरच्या भागात भोकंच भोकं असतात. नंतर हजारो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने ती भोकं पांढऱ्या, हिरवट, कधी गुलाबी खनिजांनी भरली. पांढरं खनिज कोणतं, ते घरी ओळखता येतं. त्याची पूड करून लिंबाचा रस टाका. हळूहळू बारीक फेस आला तर कॅल्साइट. फेस नाही आणि काचेवर स्पष्ट ओरखडा उठला तर गारगोटीच्या जातीचं. फेसही नाही, काचही नीट चरत नाही, आणि दाणे सुयांच्या जुडीसारखे किंवा मोत्यासारख्या चमकीचे असतील, तर ते बहुधा झिओलाइट.

त्याच्याखालचा काळा पाषाण म्हणजे थराचा गाभा. तो सावकाश थंड झाला, बुडबुडे निघून गेले, म्हणून तो भरीव आहे. पाटा-वरवंटा आणि जातं याच दगडाचं. दोऱ्याला लोहचुंबक टांगून दगडाजवळ न्या, चुंबक किंचित ओढला जातो, कारण या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. ताजा, न कुजलेला तुकडा घ्या. मुरमाड तुकड्यावर ही खूण फसते.

भरीवपणाही मोजता येतो. स्प्रिंगच्या काट्याला दगड दोऱ्याने टांगा आणि वजन घ्या. मग दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, पुन्हा वजन घ्या. पहिल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. हवेत ५८० ग्रॅम आणि पाण्यात ३८० ग्रॅम भरला, तर फरक २००, आणि ५८० भागिले २०० म्हणजे २.९. गाभ्याचा दगड साधारण २.८ ते ३ भरतो. मांजऱ्या कमी भरतो. आकडा भलताच कमी आला तर दगडाला हवेचे फुगे चिकटलेले असतात. बोटाने पुसून पुन्हा मोजा.

गाभ्यात उभ्या भेगा दिसतील. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा आठवा. माती पाणी गमावून आकसते, लाव्हा उष्णता गमावून. आकसण्याची तऱ्हा सारखीच असल्याने दोन्हीकडे पाच-सहा बाजूंचे तुकडे पडतात. लाव्हात ही भेग थंड होणाऱ्या पृष्ठापासून आत शिरत जाते आणि दगडाचे खांब होतात. यवतमाळ जिल्ह्यात शिबला परिसरात रस्त्याच्या कामात असे खांब उघडे पडले आहेत. त्याला जुन्या देवळाचे अवशेष म्हणणारे भेटतात. मात्र घडवलेल्या खांबावर छिन्नीची खूण असते. शिवाय या खांबांच्या बाजू एकसारख्या नसतात. कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात.

थराच्या अगदी बुडाशी वीतभर जागेत बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसल्या तर त्यांचा फोटो जरूर काढा. लाव्हा ओलसर जमिनीवर पसरला की बुडाशी वायू आणि वाफ वर चढू लागतात आणि अशा नळ्या राहतात. त्या वाकलेल्या असतील तर लाव्हा कोणत्या दिशेला सरकत होता तेही त्यांवरून कळतं.

राहिला लाल थर. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, वरचा दगड कुजून माती झाली आणि पुढच्या तापलेल्या लाव्ह्याखाली ती दबली, भाजली. काही ठिकाणी या मधल्या काळात तळी साचली. नागपूरजवळच्या टाकळी इथे अशा थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचा अभ्यास केला. म्हणजे उद्रेक सलग चालू नव्हता. दोन लाव्ह्यांच्या मधे गोगलगायी जगतील इतकी शांतता होती. लाल थरात चुन्याचा किंवा चिकणमातीचा पापुद्रा दिसला तर तो फोडून बघा, पण हातोडी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

पाण्याचं गणितही याच थरांत आहे. भरीव गाभ्यात भेगा नसतील तर पाणी नाही. पाणी मिळतं मांजऱ्याच्या कुजलेल्या भागात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. लाल थर चिकण असतो, पाणी सोडत नाही, वर ओला झाला की फुगतो आणि ढासळतो. बोअर खोदताना लाल गाळ वर आला आणि तेवढ्या भागाला केसिंग टाकलं नाही, तर पुढे मोटर अडकते. म्हणून बोअरवाल्याला दर दहा फुटांचा चुरा वेगवेगळ्या पिशवीत भरायला सांगा आणि पिशवीवर खोली लिहा. शेजारच्या वावरात पुढची बोअर घेताना या पिशव्या फार कामाच्या.

चार विहिरींची मोजणी

आता डोंगर होता की नव्हता, याचा निकाल. एकमेकींपासून दोन-तीनशे मीटरवर असलेल्या चार विहिरी निवडा, लाल थर चारहीत दिसला पाहिजे. प्रत्येकीच्या काठापासून लाल थराच्या माथ्यापर्यंतची खोली सुतळीने मोजा. पण चारही काठ एका पातळीत नसतात, म्हणून नुसत्या खोल्यांची तुलना चुकीची ठरते. बहुतेकांची चूक इथेच होते.

काठांमधला फरक काढायला गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी आणा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पातळी खोटी दाखवते. नळी वीस-पंचवीस मीटरची असेल तर धुऱ्याधुऱ्याने टप्पे घेत जा. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही काठ्यांवरची पाण्याची उंची लिहा, फरक बेरजेत धरा आणि परत येताना तीच मोजणी उलटी करा. जाण्यायेण्याच्या बेरजेत दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर पुन्हा मोजा.

समजा पहिल्या विहिरीत लाल थर ९.२ मीटरवर आहे. दुसरी विहीर ३०० मीटर दूर, तिचा काठ १.४ मीटर खाली आणि तिच्यात लाल थर ७.६ मीटरवर. पहिल्या काठापासून धरलं तर तो ९ मीटरवर आला. तीनशे मीटरात फक्त वीस सेंटीमीटरचा फरक. हाच थर टोकदार ज्वालामुखीच्या तीस अंशाच्या उतारावर असता, तर एवढ्या अंतरात तो सुमारे १७३ मीटर खाली गेला असता. ढालीसारख्या पसरट ज्वालामुखीच्या पाच अंशाच्या उतारावरही २६ मीटरचा फरक पडला असता. आलेख वहीवर खोली एक सेंटीमीटरला एक मीटर आणि आडवं अंतर पानात मावेल तसं धरून चारही विहिरी काढा आणि लाल रेषा जोडा. ती जवळजवळ आडवी येईल. एखाद्या विहिरीत थर दोन-तीन मीटर वरखाली गेला तर घाबरू नका. जुनी जमीन काही सपाट नव्हती, आणि लाव्ह्याचे थर कुठे जाड, कुठे पातळ असतात, कुठे संपतातही.

दूरवरूनही हेच दिसतं. आपल्या टेकड्यांचे माथे सपाट, आणि अंगावर पायऱ्या. भरीव गाभ्याचा कडा उभा राहतो, मांजऱ्या आणि लाल थर झिजून त्यांची सपाटी होते. या लाव्ह्याच्या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दही पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आला. नागपूरची सीताबर्डीची टेकडी याच लाव्ह्याची, गाविलगडचा डोंगर याच पायऱ्यांचा.

मग लाव्हा आला कुठून

जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. याला भेगी उद्रेक म्हणतात. माणसाने पाहिलेला त्यातला सर्वांत मोठ्यांपैकी एक म्हणजे आइसलँडमधला लाकी. १७८३ च्या जूनमध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या रेषेत जमीन उघडली, आठ महिने लाव्हा वाहिला आणि त्याने सुमारे ५६५ चौरस किलोमीटर भूभाग झाकला. लाव्ह्याने माणसं फारशी मारली नाहीत. विषारी वायूने गवत नासलं, निम्म्याहून जास्त जनावरं मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. दख्खनचा लाव्हा आज झिजून उरलेला आहे तरी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे नागपूरला येईपर्यंत तो पातळ होत संपतो.

इतका लाव्हा इतका लांब जातो, कारण वर घट्ट झालेली साय त्याला पांघरुणासारखी झाकते. आत तो गरम राहतो आणि पुढे सरकतो. जाड लाव्हा किती सावकाश निवतो याचं मोजलेलं उदाहरण हवाईत आहे. १९५९ साली किलाउएआ इकी विवरात साचलेलं सुमारे १३५ मीटर खोल लाव्ह्याचं तळं पूर्ण घट्ट व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या दगडाचा समुद्र आहे, ही समजूत सोडा. प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, तापलेलं आहे, पण घन आहे. ते तीन कारणांनी वितळतं. वरचा दाब कमी झाला तर, त्यात पाणी मिसळलं तर, किंवा खालून जादा उष्णता आली तर. ज्वालामुखी नकाशावर विखुरलेले का नाहीत, ते यातच आहे. समुद्रतळावर दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे, दूर जातात तिथे दाब कमी होतो आणि बेसाल्ट वर येतो. आइसलँड अशाच रेषेवर आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे तो आपल्यासोबत पाणी नेतो आणि वरच्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. जपान, इंडोनेशिया, अँडीज अशा प्रशांत महासागराच्या काठाने हे घडतं. आपल्या अंदमानातलं बॅरन बेटही याच कारणाचं. तो भारतातला जागा ज्वालामुखी. दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा उसळला. तिसरी तऱ्हा तप्त बिंदूची, म्हणजे खालून जादा उष्णता येणाऱ्या जागेची. हवाई तशी, आणि दख्खनचा लाव्हाही. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते तेव्हा दक्षिण गोलार्धात असलेला भारत ज्या तप्त बिंदूवरून गेला, तोच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून वारंवार लाव्हा ओततो.

उद्रेकाची तऱ्हा: बाटली आणि पिठलं

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस उद्रेकासारखा दिसतो, पण त्याचं कारण दाखवत नाही. ज्वालामुखीत आम्ल आणि सोडा भेटत नाहीत. तिथे आधीच विरघळलेला वायू दाब सुटल्यावर बाहेर येतो. सोडावॉटरची थंड, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली टेबलावर ठेवा. झाकण बंद असताना बुडबुडे दिसत नाहीत. अर्धा आटा फिरवला की क्षणात दिसू लागतात. दुसरी बाटली दहा वेळा हलवून, अंगणात, तोंड माणसांपासून दूर धरून उघडा. वायू दोन्हींत तेवढाच, तो किती वेगाने सुटतो यात फरक. काचेची किंवा तापवलेली बाटली वापरू नका, ती फुटते.

दुसरी गोष्ट दाटपणाची. एक वाटी बेसनाला सहा वाट्या पाणी घालून शिजवा, बुडबुडे गुपचूप वर येऊन फुटतात. मग एका वाटीला तीन वाट्या पाणी घ्या. पिठलं दाटतं, बुडबुडा अडकतो, फुगतो आणि फटकन उडतो. हातावर चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा डाव आणि अर्धं झाकण ठेवा. शिलारसाला, म्हणजे वितळलेल्या दगडाला, दाट करणारं पीठ म्हणजे सिलिका. बेसाल्टमध्ये ती सुमारे ५० टक्के, तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. तो पातळ, वायू सहज निसटतो, लाव्हा वाहतो. अँडेसाइट या ज्वालामुखी दगडात सुमारे ६०, ऱ्हायोलाइटमध्ये ७० च्या वर. ते त्याहून कमी तापमानाला बाहेर येतात, वायू कोंडून धरतात आणि शेवटी दगडाची पूड करून आकाशात फेकतात.

आकारही दाटपणावरूनच ठरतो. धिरड्याचं पातळ पीठ गार ताटात ओता, ते पसरट होतं. हवाईचा मौना लोआ तसा, ढाल ज्वालामुखी. समुद्रावर ४१६९ मीटर उंच, पण उतार इतका मंद की पायथ्याशी उभ्या माणसाला तो डोंगर वाटत नाही. आता ज्वारी एका जागी वरून ओता. रास कितीही वाढवा, तिचा उतार तोच राहतो. राशीची उंची अर्ध्या रुंदीने भागा. ५२ सेंटीमीटर रुंद रास १५ सेंटीमीटर उंच झाली, तर १५ भागिले २६ म्हणजे सुमारे ०.५८. हा तीस अंशाचा टॅन्जंट, म्हणून उतार सुमारे तीस अंश. ज्वारीचा दाणा गोल असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, खदानीतली खडबडीत चुरी जास्त भरेल. अंगार-शंकू असाच रचला जातो, हवेत उडालेल्या भोकाळ दगडांची रास. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतकऱ्याच्या मक्याच्या वावरात भेग पडली आणि वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच टेकडी झाली. तो पारिकुतिन. १९५२ मध्ये तो थांबला.

ताटात एकदा चुरी, एकदा पीठ, पुन्हा चुरी असे थर दिले की संमिश्र ज्वालामुखी होतो. फुजी तसा. प्रदर्शनातल्या डोंगराचा आकार याच जातीचा, आणि सर्वांत घातक जातही हीच. १८ मे १९८० रोजी अमेरिकेत सेंट हेलेन्सचं शिखर ढासळलं. कूस उघडी पडून आतला दाब एकदम सुटला आणि स्फोट आडवा झाला. डोंगर सुमारे ४०० मीटरने बुटका झाला. अशा ठिकाणी माणसं लाव्ह्याने क्वचित मरतात. मारतो तो तापलेली राख आणि वायू यांचा जमिनीलगत धावणारा लोट. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावरचं सें-पियेर शहर त्याने काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८,००० माणसं गेली. १९८५ मध्ये कोलंबियात नेवादो देल रुईसच्या उद्रेकाने माथ्यावरचा बर्फ वितळला आणि त्याच्या चिखलाच्या पुराखाली आर्मेरो गाव गाडलं गेलं. उद्रेक मोठा नव्हता. लोकांना वेळेवर हलवलं नाही, म्हणून ती माणसं गेली.

पोट रिकामं होऊन माथाच आत बसला की कॅल्डेरा होतो. सुमात्रातला टोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी असा बसला. त्याची राख भारतभर पडली आणि आपल्या पूर्णा खोऱ्याच्या गाळातही तिचे थर सापडले आहेत. विदर्भात स्फोटक ज्वालामुखीची खूण शोधायची असेल तर ती तिथे आहे, काळ्या पाषाणात नाही.

नेहमी फसवणाऱ्या गोष्टी

मुरमातले गोल गोटे ज्वालामुखीने उडवलेले नसतात. पाषाणाच्या चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी कुजतात आणि तो कांद्यासारखा पापुद्रे सोडत गोल होतो. गोट्याभोवती पापुद्रे दिसले की समजा, तो तिथेच घडला.

लोणार हे विवर आहे, पण ज्वालामुखीचं नाही. तिथे उल्का पडून बेसाल्ट फुटला. पूर्वी त्याला ज्वालामुखीच म्हणत. पुढे धक्क्याने बदललेली खनिजं मिळाली आणि प्रश्न सुटला. काठावर गेलात तर कड्याचे थर बघा. ते बाहेरच्या बाजूला कलंडलेले आहेत, तुमच्या चार विहिरींतल्यासारखे आडवे नाहीत.

वीटभट्टीतली जळून वितळलेली वीट आणि जुन्या लोहारकामाचं किट्ट हे दोन्ही काळे, भोकाळ, काचेसारखे असतात. आपल्या मांजऱ्याची भोकं बहुधा खनिजांनी भरलेली असतात, किट्टाची रिकामी. पैनगंगेपलीकडे उनकेश्वरला गरम पाणी निघतं, पण तिथे ज्वालामुखी नाही. खोल गेलेलं पावसाचं पाणी पोटातल्या उष्णतेने तापून भेगेतून वर येतं. विजेच्या खांबाजवळ माती वितळून लाल रस निघाल्याची बातमी आली तर तो लाव्हा समजून बघायला जाऊ नका. जमिनीत उतरलेला विजेचा प्रवाह माती वितळवू शकतो. अशा जागेपासून माणसं आणि जनावरं दूर ठेवा आणि आधी वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्या.